वाचक विचारतात : इतिहास सांगायचाय, पण पुस्तकाबाहेर कसा?

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की शाळेच्या पुस्तकाबाहेर तुम्ही इतिहास कुठे वाचता, ऐकता, बघता, आणि स्वतः सांगायचा झाला तर कसा सांगाल. पत्रं आणि मेसेज इतके आलेत की सगळ्यांना एका अंकात उत्तर देणं शक्य नाही, म्हणून ज्यांत काहीतरी करायची तळमळ दिसली ती आधी घेतलीत. बहुतेक पत्रं बडोद्यातलीच आहेत, त्यामुळे उदाहरणंही इथलीच.

प्रश्न : काका, मी आठवी-नववीला समाजशास्त्र शिकवते. मुलांना हिस्ट्री म्हणजे तारखा एवढंच वाटतं. नाटक बसवून बघितलं तर मुलं नुसती पुठ्ठ्याच्या तलवारी घेऊन स्टेजवर धावतात, शिकत काहीच नाहीत, आणि पोर्शन तर संपवायचाच असतो. वेगळं काय करता येईल?
(शिक्षिका, मांजलपूर)

ताई, नाटक सोडा, खटला घ्या. आणि तोही आपल्याच गावातला, बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांचा. १८७४च्या नोव्हेंबरात रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांनी नेहमीचं सकाळचं सरबत घेतलं, घोटभर पोटात गेल्यावर काहीतरी गडबड वाटली म्हणून उरलेलं फेकून दिलं, आणि पेल्याच्या तळाशी जो गाळ राहिला त्यात सोमल निघाला, हिऱ्याची पूडही होती असं म्हणणं होतं. संशय थेट महाराजांवर गेला कारण दोघांचं आधीपासूनच फाटलेलं. १८७५ मध्ये इथे बडोद्यातच चौकशीचं कमिशन बसलं, सहा जणांचं, त्यात तीन इंग्रज आणि तीन हिंदी, म्हणजे ग्वाल्हेरचे शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. मल्हाररावांनी बचावासाठी थेट इंग्लंडहून सार्जंट बॅलंटाइन हा गाजलेला वकील आणला. निकाल काय, तर तिघं इंग्रज म्हणाले दोषी आणि बाकीच्या तिघांना ते पटलं नाही.

आता वर्गात सहा मुलांना कमिशनवर बसवा, दोघांना वकील करा, काहींना रेसिडेन्सीतले नोकर आणि साक्षीदार. प्रत्येकाला त्याच्या वाट्याची माहिती एका कागदावर लिहून द्या आणि नियम एकच ठेवा, ज्याच्या कागदावर नाही ते त्यानं बोलायचं नाही. ड्रेस नको, मिशा नकोत, तलवारी तर नकोतच. दोन तासिकांत होतं. तीन विरुद्ध तीन झालं की कोणीतरी विचारणारच, सर आता जिंकलं कोण, मॅडम आता काय होणार. तेव्हा सांगा की विषप्रयोगाचा मुद्दा बाजूला ठेवून सरकारनं गैरकारभाराचं कारण दिलं, एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलं आणि मद्रासला पाठवून दिलं. इंग्रजांचं राज्य संस्थानांवर नेमकं कसं चालायचं हे त्या एका क्षणात मुलांना जेवढं कळतं तेवढं धडा तीनदा वाचून कळत नाही, आणि मग पुढे आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईंनी कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळला दत्तक घेतलं, त्याचे सयाजीराव झाले, हे ऐकायला वर्ग शांत बसतो. तारीख पाठ करून घ्यायची गरजच राहत नाही.

प्रश्न : मी एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकतो आणि बडोद्याच्या इतिहासावर रील्स बनवतो. व्ह्यूज येतात पण कॉमेंटमध्ये लोक एकतर "प्रूफ दे" म्हणतात नाहीतर "रीलवर कुठे हिस्ट्री शिकतात का" म्हणून नावं ठेवतात. नव्वद सेकंदात सगळं कसं सांगायचं?
(विद्यार्थी, फतेहगंज)

अरे मित्रा, रील करतोस यात कमीपणा काहीच नाही, चांगलं काम आहे. शाहीर डफावर थाप मारायचा ती पण माणसं थांबावीत म्हणूनच. आणि बडोद्यात तर हे शंभर वर्षांपूर्वी दरबारच्या खर्चानं झालंय. सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचे ग्रंथपाल अमेरिकेहून आणले, त्यांनी लायब्ररीचं जे जाळं उभं केलं त्यात गावोगावी फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या तर होत्याच, पण ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय म्हणून सिनेमा आणि मॅजिक लँटर्नच्या स्लाइड्स दाखवणारी वेगळी शाखासुद्धा होती. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनं गावातल्या पटांगणात बसून पडद्यावर जग बघितलंय. तेव्हा स्क्रीनवर ज्ञान येत नाही असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस.

पण "प्रूफ दे" म्हणणाऱ्यांकडे मात्र दे. ते बरोबर बोलतायत.

उदाहरण देतो. दत्तक घ्यायला मुलं आणली तेव्हा तुम्ही इथे कशाला आलात असं विचारल्यावर छोटा गोपाळ म्हणाला, मी राज्य करायला आलोय. ही गोष्ट सगळ्या बडोद्याला पाठ आहे आणि रीलला एकदम मस्त आहे, मीपण सांगितली असती, पण सांगताना "असं सांगतात" हे दोन शब्द तोंडातून गेलेच पाहिजेत. त्याच रीलमध्ये पुढे तू म्हणालास की याच सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या राज्यात लागू केलं, तर तिथे "सांगतात" नको, ती पक्की नोंद आहे, तिथे ठाम आवाजात बोल. ऐकणाऱ्याला तुझ्या आवाजावरूनच कळलं पाहिजे की कुठे नोंद आहे आणि कुठे आठवण. सोर्स कॅप्शनमध्ये एका ओळीत टाक, पुस्तकाचं नाव किंवा कुठे बघितलं ते. आणि हल्ली एआयवर जुन्या काळासारखे फोटो बनवून टाकतात ते कृपा करून करू नकोस, करायचंच असेल तर फोटोवरच मोठ्या अक्षरात लिही की हे बनवलेलं चित्र आहे, कारण सहा महिन्यांनी तोच फोटो फिरत फिरत कुणाच्या तरी प्रोजेक्टमध्ये खरा म्हणून चिकटतो.

आणि नव्वद सेकंदात सगळं सांगूच नको ना. एक वस्तू घे. ती पुस्तकांची पेटी घे. पेटी कोण उचलायचं, कुठल्या गावाला जायची, परत कधी यायची, एवढं शोधलंस तरी पुरे.

प्रश्न : ऐतिहासिक कादंबऱ्या, सिरियल आणि सिनेमे यांनी इतिहासाची वाट लावली आहे. यावर बंदी आणायला हवी असं तुम्हाला नाही वाटत का?
(ज्येष्ठ वाचक, कारेलीबाग)

नाही वाटत. सभासदानं शिवाजी महाराजांची बखर लिहिली तेव्हा महाराजांना जाऊन वीस वर्षंही झाली नव्हती, आणि तरी बखरीत माणसांच्या तोंडी जी वाक्यं येतात ती कुणी तिथे बसून टिपून घेतली होती असं नाही. आपल्याकडे गोष्टीतूनच इतिहास आला आणि त्यातूनच तो टिकला. ज्यांनी पुढे अस्सल कागद शोधायला आयुष्य घातलं त्यांनासुद्धा शोधायची ओढ लहानपणी ऐकलेल्या गोष्टींनीच लावली असणार. फक्त कादंबरीच्या शेवटी लेखकानं एक पान स्वच्छ लिहावं, कुठली पात्रं माझ्या मनातली, कुठला प्रसंग मी रचला. सिनेमावाल्यांनी सुरुवातीला जी पाटी अर्धा सेकंद दाखवतात ती वाचता येईल एवढा वेळ दाखवावी. बास.

प्रश्न : रावपुऱ्यातलं आमचं जुनं घर आता बिल्डरला द्यायचं ठरलंय. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे, त्यात मोडीतले कागद, आजेसासऱ्यांच्या जमाखर्चाच्या चोपड्या, फोटो, लग्नपत्रिका असं बरंच आहे. मुलं म्हणतात फोटो काढून घे आणि टाकून दे. घरात नव्वदी ओलांडलेल्या आत्याबाई आहेत, त्यांना बरंच आठवतं. मला आमच्या घराचा इतिहास लिहायचा आहे पण मी काही इतिहासाची विद्यार्थिनी नाही. सुरुवात कुठून करू?
(गृहिणी, रावपुरा)

वहिनी, तुमचं पत्र वाचून मला इतकं बरं वाटलं. आधी आत्याबाई, मग घर, मग ट्रंक, हाच क्रम ठेवा.

आत्याबाईंना "तुमच्या काळी कसं होतं हो" असं विचारू नका, त्यावर सगळी म्हातारी माणसं एकच उत्तर देतात की फार छान होतं, स्वस्ताई होती. त्यांच्या हातात काहीतरी द्या, ट्रंकेतला एखादा फोटो, नाहीतर जुनं भांडं, आणि बारीक विचारा. पाणी कुठून यायचं आणि कोण भरायचं. नळ आला तेव्हा त्या केवढ्या होत्या. बायका सूरसागरच्या बाजूला फिरायला जायच्या का, गेल्या तर कुणाबरोबर, किती वाजेपर्यंत. घरात गुजराती पहिल्यांदा कोण बोलायला लागलं. शाळा मराठी होती का गुजराती. कोणाला आत स्वयंपाकघरापर्यंत येऊ द्यायचे आणि कोणाला ओटल्यावरच थांबवायचे, हे पण विचारा, आणि उत्तर आवडलं नाही तरी जसंच्या तसं लिहा. साल त्यांना आठवणार नाही, म्हणून खुंट्या द्या, म्हणजे बडोदा संस्थान मुंबई राज्यात गेलं ते १ मे १९४९, गुजरात वेगळा झाला तो १ मे १९६०, मग विचारा की हे त्याच्या आधीचं का नंतरचं. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकून रेकॉर्डर लावा, सुरुवातीला तारीख आणि नाव बोला, अर्ध्या तासाच्या वर बसवू नका. त्या मध्येच गप्प झाल्या तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, थांबा, बऱ्याचदा खरी गोष्ट त्यानंतरच येते. आणि एखादी गोष्ट सांगून "हे लिहू नकोस हं" म्हणाल्या तर नाहीच लिहायचं.

मग घर. पाडायच्या आधी प्रत्येक खोलीचा नकाशा काढा, साधा, पेन्सिलनं, आणि त्यावर घरातली नावं लिहा, माजघर, ओसरी, देवघर, बाळंतिणीची खोली, जे तुम्ही म्हणत असाल ते. आत्याबाईंना खुर्चीवर बसवून खोलीखोलीतून फिरवा आणि व्हिडिओ काढा. आपल्याकडे तांबेकर वाडा आहे, बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा, एकोणिसाव्या शतकातला. भिंतीवर कृष्णलीला आणि महाभारत आहेच पण त्याच घरात त्या काळचे गोरे साहेबही रंगवलेत, म्हणजे घरमालकाच्या डोळ्यासमोर रोज जे होतं ते सगळं भिंतीवर आलं. तो वाडा पुरातत्त्व खात्याकडे गेला म्हणून राहिला. तुमच्या घराला चित्रं नसतील पण दाराच्या चौकटीवर पोरांची उंची मोजलेल्या रेघा असतील, चुलीच्या वरची काळी भिंत असेल, त्याचे फोटो घ्या.

आता ट्रंक. टाकून तर अजिबात देऊ नका. कागद ज्या क्रमानं आणि ज्या गठ्ठ्यात बांधलेत त्याच क्रमानं आधी फोटो काढा, सोयीसाठी वेगळे लावायला जाऊ नका, कारण कुठला कागद कुणाच्या शेजारी ठेवला होता हीसुद्धा माहितीच असते. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको, उन्हात वाळवायला टाकू नका. स्कॅन करायचं झालं तर निदान ३०० डीपीआयवर करा. मोडी वाचणारे अजून आहेत, शिकवणारे वर्गही ऑनलाइन चालतात, आणि खरं सांगू का, तुमच्या घरातल्या कुणी शिकली तर त्याहून उत्तम काही नाही. मला विचाराल तर सगळ्यात मोलाच्या त्या जमाखर्चाच्या चोपड्या आहेत. घराण्याचा इतिहास म्हटलं की लोक सनदा आणि वंशावळ शोधतात, त्यात सगळे पुरुष. चोपडीत बाळंतिणीच्या डिंकाचा खर्च असतो, मुलीच्या माहेरपणाचं गाडीभाडं असतं, कासाराचं देणं, मोलकरणीचा पगार, दिवाळीची पोस्त असते. घरातल्या ज्या बायकांचं नावसुद्धा वंशावळीत नाही त्या तिथे दिसतात, कधी नुसत्या "सौ." म्हणून, पण दिसतात. तांदूळ-तुपाच्या भावांचा एक तक्ता जरी वर्षवार काढलात तरी अभ्यासक तुमचे आभार मानतील.

प्रश्न : आम्ही काही मित्र रविवारी सकाळी हेरिटेज वॉक करतो. लक्ष्मी विलास, न्याय मंदिर, मांडवी, कीर्ती मंदिर. लोकांना राजवाडे आणि राजा रविवर्मा फार आवडतात. मागच्या वेळी कमाटीबागेत डॉ. आंबेडकरांबद्दल बोलायला लागलो तर एक गृहस्थ म्हणाले, सकाळी सकाळी हे कशाला. आता ग्रुपमध्ये दोन मतं झालीत. बोलावं की नाही?
(वॉकवाले मित्र, दांडिया बाजार)

बोलावंच. आणि दोन मिनिटांत उरकू नका, तिथे बसा.

१९१३ मध्ये सयाजीरावांच्या स्कॉलरशिपवर एक तरुण कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेला. शिकून, करारात ठरलेली नोकरी करायला १९१७ मध्ये बडोद्याला परत आला आणि या शहरात त्याला राहायला खोली मिळेना. एका पारशी सरायीत नाव बदलून राहावं लागलं, थोड्याच दिवसांत लाठ्या घेतलेले लोक दारात आले आणि बाहेर काढलं. गावात दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिश्चन, दोघांनीही कारणं सांगितली. मग मुंबईच्या रात्रीच्या गाडीपर्यंतचे पाच तास त्यांनी कमाटीबागेत बसून काढले. हे कुणी रचलेलं नाही, "वेटिंग फॉर अ व्हिसा" या आठवणींत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. आज तिथे त्या आठवणीचं स्मारक, संकल्पभूमी, आहे, दर २३ सप्टेंबरला दुरून दुरून लोक येतात, आणि कित्येकदा आपणच बडोदेकर वडाखालून मॉर्निंग वॉक करत निघून जातो.

माझं म्हणणं असं की तिथे तुम्ही भाषण करू नका. त्या आठवणीतलं ते पान कुणालातरी मोठ्यानं वाचायला द्या, मूळ नाहीतर मराठी भाषांतर, आणि वाचून झालं की गप्प बसा, ज्याला जे बोलायचं ते बोलू दे. त्या गृहस्थांनापण वाचायला द्या, त्यांना बाजूला काढू नका. आणि दोन्ही बाजू एकाच जागी उभं राहून सांगा, स्कॉलरशिप देणारा राजाही बडोद्याचा होता आणि दार बंद करणारे लोकही बडोद्याचेच होते. एक सांगून दुसरं लपवलं तर ती जाहिरात झाली, इतिहास नाही.

वॉकमध्ये आणखी एक करता येईल. कीर्ती मंदिर दाखवताना घराण्याची माहिती तर द्याच, पण भिंतींकडे नीट बघायला लावा. गायकवाड घराण्याचं स्मारक, आणि नंदलाल बोस यांनी तिथे रंगवलं काय तर गंगावतरण, महाभारताचं युद्ध, मीराबाई आणि नटीर पूजा. राजाच्या स्मारकात राजाची स्वारी नाही, मीरा आहे आणि बुद्धाच्या पूजेसाठी जीव देणारी दरबारची नर्तकी आहे. लोकांना विचारा की असं का असेल, लगेच उत्तर देऊ नका. रविवर्म्यांची चित्रं बघून मग ही बघितली ना की एकाच शहरानं काही दशकांत चित्राकडून काय काय मागितलं ते दिसतं.

प्रश्न : तिकडे महाराष्ट्राच्या पुस्तकांत आम्ही बडोद्याचे मराठी लोक नाही, आणि इकडच्या पुस्तकांतही नाही. सयाजीरावांवर एक परिच्छेद येतो आणि संपलं. माझे वडील संस्थानच्या नोकरीत होते, १९४९ मध्ये विलीनीकरण झालं तेव्हा घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता. हे सगळं आमच्याबरोबरच जाणार का?
(निवृत्त कर्मचारी, बाबाजीपुरा)

काका, तुमचा राग खरा आहे. पण पुस्तक पूर्ण राज्यासाठी लिहायचं असतं, त्यात एका शहरातल्या एका समाजाला दोन ओळींच्या वर जागा मिळेल याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. रियासतकार सरदेसाई आठवा. माणूस कोकणातला, नोकरी बडोद्याला, सयाजीरावांच्या पदरी, राजपुत्रांना इतिहास शिकवायचा म्हणून टिपणं काढायला लागले आणि त्यातून १८९८ मध्ये मुसलमानी रियासत आली, मग मराठी रियासतीचे भागावर भाग. पुढे पेशवे दफ्तरातून निवडलेले ४५ भाग त्यांनी संपादित केले. ते काही कुठल्या युनिव्हर्सिटीत प्रोफेसर नव्हते, नोकरी सांभाळून, फावल्या वेळात, कागद गोळा करत लिहीत गेले. आणि हे सगळं ज्या गावात सुरू झालं तिथेच आपण राहतो.

तुम्हाला रियासत लिहायची नाहीये. तुम्ही फक्त तो महिना लिहा. वडील कुठल्या खात्यात होते, हुद्दा काय, पगार किती आणि विलीनीकरणानंतर किती झाला, पेन्शनचं काय ठरलं, साहेब बदलले का, ऑफिसच्या कागदांची भाषा बदलली का, बदली होऊन कुणाला कुठे जावं लागलं, घरात आजी काय म्हणाली. महाराजांबद्दल घरात दोन मतं होती का. १९६० मध्ये पुन्हा तोच प्रश्न आला तेव्हा मुंबईला, पुण्याला कोण निघून गेलं आणि तुम्ही का राहिलात. जे स्वतः बघितलं ते वेगळं लिहा आणि जे वडिलांकडून नंतर ऐकलं ते "वडील सांगायचे" म्हणून लिहा. वडिलांचं सर्व्हिस बुक किंवा नेमणुकीचा कागद घरात असेल तर त्याचा फोटो जोडा, मोडीत असला तरी चालेल, वाचायची सोय आम्ही करू. हातानं लिहिलंत तरी चालेल, नातवाला व्हॉइस रेकॉर्ड करून दिलंत तरी चालेल. दिवाळीच्या आधी पाठवा, पुढच्या अंकात चार पानं तुमच्यासाठी ठेवतोय.